अल्पखर्चाची लेणी-सहल

सहलीची वर्गणी जाहीर होताच काही मुले आजारपण सांगून नाव मागे घेत. दुखणे शरीराचे नसून घरच्या परिस्थितीचे आहे, हे आम्हांस उशिरा उमगले. तेव्हापासून आमचा पहिला नियम ठरला : पैशावाचून एकही विद्यार्थी मागे राहणार नाही.

मार्ग साधा आहे. पुणे–लोणावळा लोकलने प्रथम देहूरोडला उतरावे. तेथील विहारात बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. वंदना करून पुढच्या लोकलने मळवली गाठावी व भाजे लेण्यांपर्यंत पायी जावे. तेथील चैत्यगृहाच्या छतात प्राचीन लाकडी कमानींचे अवशेष आजही आहेत. दुपारी शिदोरीची भाकरी-चटणी. मग कार्ले, तेही पायीच. पंधरा वर्षांखालील मुलांना लेण्यांचे तिकीट लागत नाही. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, म्हणून हिवाळा उत्तम. दहा मुलांमागे एक मोठे माणूस, पुरेसे पाणी, शिटी व प्रथमोपचार पेटी अवश्य असावी.

कार्ल्याच्या खांबांवरील ब्राह्मी अक्षरे मुलांकडून वाचून घ्यावीत. ‘थभो दानं’, म्हणजे हा खांब दान दिला. धेनुकाकटच्या अनेकांनी एकेक खांब दिला. सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या सिंहदत्ताने द्वार दिले. अशा अनेकांच्या दानातून एवढे भव्य लेणे घडले.

आमची सहलही तशीच निघते. कोणी माजी विद्यार्थी एका मुलाचे भाडे देतो, कोणी माता चार भाकरी अधिक थापते. देणाऱ्याचे नाव आम्ही वहीत लिहितो. घेणाऱ्याचे लिहीत नाही.