कपाशीवरील कोनाकार ठिपके व हरितद्रव्य
कपिलधार परिसरातील कपाशी उत्पादकांनी पावसाळी हवेत पानांची खालची बाजू तपासावी. शिरांनी वेढलेले, पाणीदार, कोनाकार ठिपके जिवाणूजन्य करप्याचे होत.

रोगट पानात हरितद्रव्याचे विघटन होते. त्यातील मधले घटक वेळीच निरुपद्रवी न झाल्यास सूर्यप्रकाशात प्राणवायूचे दाहक रूप निर्माण होऊन पेशी मरतात. अराबिडॉप्सिस या मोहरीकुळातील वनस्पतीवरील प्रयोगांत हे दिसून आले आहे. मोजक्या पेशींच्या मरणाने जिवाणूस अटकाव होऊ शकतो. मरण पसरल्यास मात्र पान वाळते.

मेलेला भाग फवारणीने हिरवा होत नाही. वाचवावयाची ती निरोगी पाने. म्हणून ठिपके दिसताच १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड मिसळून फवारावे. हंगामानंतर रोगट पऱ्हाटी शेतात ठेवू नये.