शिंगराचा पांढरा पाय

कला शाखेच्या विद्यार्थ्याने घोड्यांच्या आनुवंशिकतेवर का लिहावे, असे कोणी विचारील. कारण घरचेच आहे. आमच्याकडे वरातीची एक घोडी आहे. मी सातवीत असताना अण्णांनी ती एका स्नेह्यांच्या घोड्याकडून भरवून आणली. दोन्ही जनावरे कुमैत. म्हणजे अंग तांबूस, आयाळ, शेपूट व पाय काळे. शिंगरू मात्र झाले सुरंग, आयाळीसकट तांबडे, आणि मागचा डावा पाय अर्ध्यापर्यंत पांढरा! "घोडा बदलला," अण्णा म्हणाले. त्यातून एकच पाय पांढरा असणे ही खोट मानतात. चारही पाय आणि तोंड पांढरे असते, तर तेच शिंगरू पंचकल्याणी म्हणून मिरवले असते! सारंगखेड्याच्या यात्रेत ते पडत्या भावाने गेले. ज्यांना मी काका म्हणे, त्यांचे आमच्याकडे येणे थांबले.

यंदा ग्रंथालयात या विषयाचे वाचन झाले. केसांत काळा रंग उतरण्यासाठी एमसीवनआर नावाचे जनुक शाबूत लागते. त्याची बिघडलेली प्रत आईकडून आणि बापाकडूनही आली, की घोडा सुरंग होतो. हे १९९६ साली उलगडले. एकच प्रत बिघडलेली असेल, तर कुमैत कुमैतच दिसतो. अशा दोन कुमैतांच्या पोटी सुरंग शिंगरू येण्याचा संभव चारांत एक.

पांढऱ्या पायाची हकिगत अधिक गमतीची आहे. रंगपेशी गर्भाच्या पाठीकडे जन्मतात आणि तेथून खाली पसरत जातात. कपाळ, नाकाडे, पाय ही त्यांच्या वाटेची शेवटची टोके. जेथे त्या पोचत नाहीत, तेथे केस पांढरे आणि कातडी गुलाबी राहते. ही वाटचाल केआयटी, एमआयटीएफ अशा जनुकांच्या हाती असते, थोडी योगायोगाच्याही. एरवी एकाच घोड्याचा डावा पाय पांढरा आणि उजवा काळा का व्हावा? शिवाय अरबी घोड्यांच्या पाहणीत कुमैतांपेक्षा सुरंगांवर पांढरे अधिक आढळले आहे. (अबलखाचे मोठमोठे पट्टे हा निराळा प्रकार. त्यातील टोबियानो घोड्यांत तिसऱ्या गुणसूत्राचा एक तुकडाच उलटा बसलेला असतो.)

कागदावर चार चौकोन आखून हे मी अण्णांना दाखवले. ते बराच वेळ पाहत राहिले.

"म्हणजे घोडा तोच होता?"

"असू शकेल. केसांच्या मुळांवरून तपासता येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी घोडीच्या आयाळीचे चार केस मुळासकट उपटून कागदात गुंडाळून ठेवले. मग काकांकडे त्यांच्या घोड्याचे केस कोणत्या तोंडाने मागावेत, असे मलाच विचारू लागले.