गोळी बंद करण्याआधी

स्किझोफ्रेनियाच्या सुरुवातीला मेंदूच्या आतल्या भागात, स्ट्रायटममध्ये, डोपामिन गरजेपेक्षा जास्त तयार होते. अमुक गोष्ट महत्त्वाची, तिच्याकडे लक्ष दे, हे मेंदूला कळवण्याचे काम या रसायनाकडे असते. ते अवेळी सुटू लागले की साध्यासुध्या गोष्टींनाही अर्थ चिकटतो. प्रस्तुत लेखिकेच्या धाकट्या भावाला गावातल्या फ्रीगंज भागातल्या टॉवरवरच्या घड्याळाचे काटे आपल्यालाच काही सांगताहेत असे वाटे. कॉलेजातून येताना टॉवर चौक टाळून तो लांबचा वळसा घेई. घरच्यांनी त्याला परीक्षेचे टेन्शन म्हटले, आणि त्यात सात महिने गेले.

या आजारावरची औषधे पेशींवरच्या डी-टू ग्राहींवर जाऊन बसतात, त्यामुळे डोपामिनला तिथे जागा मिळत नाही. १९५२ साली पॅरिसमध्ये डिले आणि डेनिकर यांनी क्लोरप्रोमाझिन वापरले, तेव्हापासून ही वाट सुरू झाली. त्याच्याही आधी, १९३१ साली, गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेचा वेडावरचा उपयोग नोंदवला होता. ती मुळी डोपामिनचा साठाच रिकामा करते. पेट स्कॅनच्या अभ्यासांत साधारण ६५ टक्के ग्राही अडले की गुण येऊ लागतो आणि ८० टक्क्यांच्या आसपास गेले की अंग ताठते, हात कापतात, असे दिसले. मधला पट्टा अरुंद आहे. पूर्वी कधीच औषध न घेतलेल्या तरुण रुग्णाला लहान डोसने सुरुवात करतात ती यासाठी.

शेवटी उपचार सुरू झाले, तेव्हा भावाची मान औषधाच्या इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका बाजूला वळली आणि तशीच अडकली. डोळे वर गेले. आईला वाटले, लकवा मारला. हा डिस्टोनिया, म्हणजे औषधाने स्नायू आखडणे. तरुण मुलांत पहिल्या काही दिवसांतच होतो आणि उताऱ्याच्या इंजेक्शनने बहुधा तासाभराच्या आत सुटतो. होऊ शकेल एवढे आधी कुणी सांगितले असते, तर त्या रात्रीपासून घराने औषधालाच वैरी ठरवले नसते.

त्यातच एका नातेवाइकाने सांगितले, ‘या गोळ्यांनी मेंदू सुकतो.’ हे निव्वळ खोटे नाही. आयोवातील नॅन्सी अँड्रियासन यांच्या गटाने २०११ साली २११ रुग्णांचे वर्षानुवर्षांचे एमआरआय मांडले. ज्यांना जास्त औषध गेले त्यांच्या मेंदूतला करडा भाग थोडा जास्त घटलेला होता. मात्र औषधाची एकही गोळी न घेतलेल्या रुग्णांच्या मेंदूतही फरक आढळतात. माकडांवरच्या प्रयोगात औषधाने मेंदूचे वजन घटले, तरी चेतापेशींची संख्या कमी झाली नव्हती; घटल्या त्या आधारपेशी. यातून डोस पुरेसा आणि लहानात लहान असावा एवढे निघते. घरात मात्र त्याचा अर्थ ‘बंदच करा’ असा झाला.

औषधाच्या चौथ्या महिन्यात भावाला ऐकू येणारे आवाज थांबले होते. त्याच सुमारास तुळशीच्या कुंडीत त्याने टाकलेल्या पांढऱ्या, अर्धवट विरघळलेल्या गोळ्या दिसल्या. आईने पाहिल्या आणि वरून माती सारली. लेखिकेनेही पाहिले, तीही बोलली नाही. ग्राही महिनोन्महिने अडलेले असले की मेंदू त्यांची संख्या वाढवतो. औषध एकाएकी सुटले, की मोकळ्या झालेल्या या जास्तीच्या ग्राहींवर डोपामिन जोराने काम करते. पहिल्या झटक्यातून सावरलेल्यांचा १९९९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात औषध सोडणाऱ्यांना आजार उलटण्याचा धोका जवळजवळ पाचपट निघाला. भाऊ सहा आठवड्यांनी रात्र-रात्र जागू लागला. दुसऱ्या खेपेला गुण यायला जास्त दिवस लागले आणि डोसही वाढवावा लागला.

मान अडकणे, पायांची न थांबणारी तगमग, लाळ, दिवसभराची सुस्ती यांतले काहीही दिसले तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे. गोळी बदलता येते, डोस उतरवता येतो. वजन, कंबर आणि साखर औषध सुरू होण्याआधी मोजून घ्यावी, पुढेही मोजत राहावी. दोन औषधे पुरेशा डोसात, प्रत्येकी निदान सहा आठवडे देऊनही गुण नसेल तर क्लोझापिन या औषधाबद्दल विचारावे. त्यात सुरुवातीचे १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासतात. रात्री-अपरात्री विचारायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. डोस कमी करायचा तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, महिन्यांच्या हिशेबाने. भावाचा डोस आता असाच पायरी-पायरीने उतरतो आहे. त्याची नोंदवही आई ठेवते. त्यात पहिला रकाना झोपेचा, कारण त्याच्या बाबतीत बिघाड आधी झोपेत दिसला होता.