निखळलेलं बोट: खर्च कशाकशाचा?

कबड्डीत कुणाच्या जर्सीत बोट अडकलं किंवा झेल घेताना चेंडू बोटाच्या टोकावर आदळला, की बहुतेकदा निखळतो तो मधला सांधा. पुढचं पेर मागच्या पेरावर चढलेलं दिसतं, सांध्यावर पायरी पडते आणि बोट वाकत नाही. सूज येण्याआधी अंगठी काढा. नंतर ती कापावी लागते आणि सोनाराचं बिल वेगळं.

मैदानावर ‘ओढ रे, बसेल’ म्हणणारा एकजण असतोच. कधीकधी बसतंही. पण मोडलेलं बोट बाहेरून अगदी असंच दिसतं, लहान मुलांचं तर हमखास फसवतं. म्हणून न ओढता फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावा आणि हात उंच धरून दवाखाना गाठा.

शहरातल्या खासगी अस्थिरोगतज्ज्ञाकडे तपासणीचे साधारण 500 ते 1000 रुपये, एक्स-रेचे 300 ते 700, बोट बधिर करून सांधा बसवण्याचे 1500 ते 5000. बसवल्यावर पुन्हा एक्स-रे काढतात. तो याच रकमेत धरलाय का, हे आधीच विचारून घ्या. रात्री कॅज्युअल्टीत गेलात तर आकडा वाढतो. काटकसर एमआरआयवर करा, साध्या केसमध्ये तो लागत नाही. एक्स-रेवर मात्र नको. मेडिक्लेममध्ये ओपीडीचा खर्च सहसा मिळत नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत ऑगस्ट 2023पासून उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालयं त्यात येत नाहीत.

नंतरचा खर्च किरकोळ. शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधायचं, मध्ये कापसाची घडी ठेवायची, नाहीतर घामाने कातडी पांढरी पडून सोलते. पट्टी किती आठवडे ठेवायची ते डॉक्टर सांगतील. ‘जपतो’ म्हणून बोट महिनोन्‌महिने ताठ ठेवलंत, तर सांधा आखडतो आणि फिजिओथेरपीचं मीटर सुरू होतं. सूज मात्र काही महिने रेंगाळते, ती अंगठी इतक्यात चढायची नाही.

कातडी फाटून सांधा उघडा पडला असेल, बोट निळं किंवा बधिर झालं असेल, तर पैशांचा हिशेब न करता ताबडतोब इस्पितळात जा. सांधा बसलाच नाही किंवा हाडाचा मोठा तुकडा निघाला, तर ऑपरेशन. खासगीत बिल सहज पाच आकड्यांत जातं. आणि सांधा बसल्यावरही मधलं पेर स्वतःहून सरळ होत नसेल, तर स्नायूबंध तुटल्याची शंका असते. पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना परत दाखवा.