सायकलचे अंतर वाढवताना आधी गुडघ्याला विचारा

तासगावहून एका वाचकाचे पत्र आले आहे. वय ४४, नोकरी कारकुनाची, वजन ८६ किलो. रक्तदाब 'काठावर' आहे असे त्यांच्या डॉक्टरांनी सांगितले, म्हणून त्यांनी नवी सायकल घेतली. पहिल्याच रविवारी उत्साहाच्या भरात १४ किलोमीटर मारले आणि सोमवारी रजा टाकावी लागली. आता महिना झाला, सायकल पडवीत उभी आहे आणि तिच्या हँडलवर टॉवेल वाळत असतो. "डॉक्टर, या वयात हे आपल्याला झेपणारे नाही असे वाटते. सायकल विकून टाकू का?" असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर देण्याआधी एक कबुली देतो. हाच गाढवपणा मी स्वतः केलेला आहे, आणि तोही डॉक्टर असून.

२०२२ च्या मे महिन्यात माझी उपाशीपोटीची साखर ११८ आली. मधुमेह म्हणता येणार नाही, पण तो उंबरठ्याशी येऊन उभा आहे असे सांगणारा हा आकडा. वय तेव्हा ४९, वजन ९१ किलो. वीस वर्षे रुग्णांना 'व्यायाम करा' म्हणून सांगत होतो आणि स्वतः मात्र दवाखान्याच्या खुर्चीतून फक्त जेवायला उठत होतो. एका मुख्याध्यापिका बाईंनी त्याच सुमारास मला सरळ विचारले, "डॉक्टर, तुम्ही काय व्यायाम करता?" मी काहीतरी हसून वेळ मारून नेली. पण तो प्रश्न रात्री झोपू देईना.

मुलगा शिकायला पुण्याला गेल्यापासून त्याची सायकल बोळात पडून होती. जूनच्या पहिल्या रविवारी हवा भरली आणि सांगलीहून निघालो तो थेट मिरजेला. अंतर सुमारे १० किलोमीटर. पन्नास मिनिटांत पोहोचलो. दम नाही, छातीत धडधड नाही. स्टँडजवळ चहा घेताना मी स्वतःवर इतका खूश होतो की विचारू नका. परत निघालो आणि खरा प्रकार लक्षात आला. आपल्याकडे जूनमध्ये वारा पश्चिमेकडून येतो. जाताना तो माझ्या पाठीला होता, आता छातीवर आला. विश्रामबागपर्यंत कसाबसा आलो. तिथे मांड्यांनी संप पुकारला आणि उरलेला प्रवास सायकलीसकट मालवाहू टेम्पोतून झाला. तीन दिवस खुर्चीत नीट बसता येत नव्हते. कंपाउंडरने न विचारता खुर्चीवर उशी आणून ठेवली. ते दुखणे गेले, पण उजव्या गुडघ्याच्या वाटीखालची कळ जाईना. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ती पाच आठवडे माझ्या सोबतीला होती.

त्या पाच आठवड्यांत, रुग्णांना जे सांगतो ते स्वतःला लागू करून पाहिले आणि चूक कुठे झाली ते कळले. मी अंतर ठरवताना फक्त श्वासाला विचारले होते.

आपले शरीर व्यायामाला सरावते ते सगळे एका वेगाने नव्हे. नियमित व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते आणि हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागते. म्हणून दम लागणे लवकर कमी होते. स्नायूंच्या पेशींमधली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा वाढायला साधारण महिना-दीड महिना लागतो. आणि कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडाशी बांधणारे ते चिवट दोर, यांना रक्तपुरवठाच कमी, त्यामुळे ते घट्ट व्हायला काही महिने घेतात. परिणाम असा की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दम चांगला टिकतो, माणसाला वाटते आता आपण काहीही करू शकतो, आणि गुडघा मात्र अजून जुन्याच माणसाचा असतो. बहुतेकांची सायकल याच सुमारास पडवीत जाते. मी तर पहिल्याच दिवशी घालवली, कारण वाऱ्याने फसवले.

हिशेब करून पाहा. मिनिटाला ६० वेळा पायडल फिरवले तर एका तासात प्रत्येक गुडघा ३६०० वेळा वाकतो आणि सरळ होतो. सीटची उंची चुकीची असेल तर तीच चूक ३६०० वेळा होते. आपल्याकडची सर्वसाधारण चूक म्हणजे सीट खाली ठेवणे. दोन्ही पाय जमिनीला टेकले म्हणजे पडायची भीती नाही, एवढाच त्यामागचा विचार. पण त्यामुळे गुडघा जास्त वाकलेल्या अवस्थेत जोर लावतो आणि वाटीच्या मागे दाब वाढतो. माझी सीट नेमकी अशीच होती. ती बसवण्याची सोपी रीत सांगतो. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवा आणि पायडल अगदी खाली न्या. या स्थितीत पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्याला आपोआप थोडा बाक येतो, तेवढाच पाहिजे. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे. मागच्या बाजूला ओढ बसत असेल, किंवा चालवताना कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल, तर वर आहे. थांबताना सीटवरून पुढे घसरून एक पाय जमिनीवर टेकवायचा. लहानपणी आपण असेच उतरत होतो, मोठेपणी विसरलो.

गुडघ्यासाठी दुसरी गोष्ट म्हणजे पायाचा वेग. पंधरा सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर आला ते मोजा. पंधरापेक्षा कमी येत असेल तर तुम्ही जोर जास्त लावत आहात. गिअरची सायकल असेल तर हलका गिअर टाका. साधी असेल तर चढावर सरळ उतरून हातात धरून चाला. त्यात कमीपणा कसला? आणि टायरमध्ये हवा पुरेशी ठेवा. निम्मे लोक स्वतःच्या वयाला दोष देतात, तो खरा मागच्या चाकातल्या हवेला द्यायला हवा.

अवघड जागेच्या दुखण्याविषयी लोक डॉक्टरलाही सांगत नाहीत, म्हणून इथे लिहितो. आपण ज्या दोन हाडांवर बसतो त्यांच्याभोवतीची त्वचा आणि मांस यांना सीटची सवय नसते. पहिले दोन-तीन आठवडे तिथे दुखणारच. आठवड्यातून चार दिवस थोडा थोडा वेळ चालवले तर ते कमी होते. फक्त रविवारी चालवणाऱ्याचे दर रविवारी नव्याने सुरू होते. जाड स्पंजचे कव्हर घेऊ नये. त्यात हाडे रुततात आणि मधल्या नाजूक भागावर दाब येतो. मुंग्या किंवा बधिरपणा आला तर ती सवय होण्याची गोष्ट नव्हे. लगेच उतरावे, सीटचे टोक वर झाले आहे का ते पाहावे. स्त्रियांना बहुधा थोडी रुंद सीट मानवते.

ऑगस्टमध्ये मी पुन्हा सुरुवात केली. या वेळी किलोमीटर मोजलेच नाहीत, घड्याळ मोजले. पंधरा मिनिटे, आठवड्यातून चार दिवस. सावकाश चालवले तर हे सुमारे तीन किलोमीटर होते. वेग असा की शेजारच्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. तिसऱ्या आठवड्यात वीस मिनिटे केली, पाचव्यात तीस. सप्टेंबरअखेर हरिपूरला संगमापर्यंत जाऊन परत आलो, म्हणजे जाऊन-येऊन आठ किलोमीटर. त्या दिवशी मिरजेच्या चहाइतका आनंद झाला नाही, पण दुसऱ्या दिवशी पायऱ्या विनातक्रार उतरलो.

त्यानंतरची पद्धत अशी. आठवड्यातले तीन दिवस नेहमीचेच अंतर, अर्धा तास. एकच दिवस लांबचा, आणि वाढ करायची ती फक्त त्या दिवशी, आठवड्याला एक किंवा फार तर दोन किलोमीटर. लांबच्या फेरीनंतर एक दिवस सायकलला हात लावायचा नाही. दर चौथ्या आठवड्यात अंतर मुद्दाम कमी करायचे. आठवड्याला दहा टक्के वाढवा असे पुष्कळ ठिकाणी छापलेले असते. तो एक ठोकताळा आहे, तीन किलोमीटरवाल्याला त्याचा उपयोग नाही. माझी कसोटी वेगळी आहे. लांबच्या फेरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरून पाहायचा. मांड्या जड असल्या तर हरकत नाही, दोन दिवसांत उतरते. सांध्यात कळ आली तर पुढच्या आठवड्यात वाढ नाही, आणि चालतानाही दुखत असेल तर सायकल बंद.

वाऱ्याने मला एक धडा दिला. निघताना वाऱ्याच्या तोंडावर निघायचे, परतताना तो पाठीला घ्यायचा. पावसाळ्यात मी म्हणून अंकलीच्या बाजूला जातो. आणि थकल्यावर वळायचे नसते, थकण्याच्या पुष्कळ आधी वळायचे, कारण घर तितकेच लांब असते.

जानेवारी २०२३ मध्ये मिरजेला जाऊन सायकलवरच परत आलो. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत घरी यायचा नियम ठेवला. जुलैत तापाने दोन आठवडे गेले, तेव्हा पुन्हा निम्म्या अंतरापासून सुरुवात करावी लागली. मन ऐकत नाही, पण तसेच करावे. त्या डिसेंबरात नरसोबाच्या वाडीला गेलो, एका बाजूने सुमारे २२ किलोमीटर. वाडीत दोन तास विश्रांती घेतली. तिथली बासुंदी फक्त पाहिली, कवठाची बर्फी मात्र थोडी खाल्ली.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आरोग्यासाठी वाडीला जाण्याची मुळीच गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम पुरतो. म्हणजे पाच दिवस अर्धा तास, दिवसाला साधारण सहा किलोमीटर. डॉ. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ साली लंडनच्या बसमधले ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर डबलडेकरचे जिने चढणाऱ्या कंडक्टरांना, बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी आढळला होता. त्या कंडक्टरांनी कुठले अंतर वाढवले नव्हते. अंतर वाढवायचे ते आपल्याला कुठेतरी पोहोचायला आवडते म्हणून. माझी साखर वर्षभरात १०१ वर आली, ती बव्हंशी त्या रोजच्या अर्ध्या तासाने आणि रात्रीचा भात कमी केल्याने. वजन मात्र चारच किलोने उतरले. सायकलने पोट लगेच जाईल असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

काहींनी आधी डॉक्टरांना दाखवूनच सुरुवात करावी. चालताना किंवा जिना चढताना छातीत दडपण येते असे लोक, पूर्वी हृदयविकाराचा झटका आलेले, रक्तदाब ताब्यात नसलेले. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर वाटेत एकदम उतरू शकते. त्यांनी रिकाम्या पोटी निघू नये, खिशात तीन चमचे साखरेची पुडी ठेवावी, आणि हात थरथरू लागले, घाम फुटला की उतरून ती खावी. चालवताना छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखू लागले तर 'घरी जाऊन बघू' म्हणू नये. तिथेच थांबावे आणि कुणाला तरी सांगून इस्पितळ गाठावे.

आता तासगावचे पत्र. सायकल विकू नका. रक्तदाब काठावर आहे, तेव्हा तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. मग हँडलवरचा टॉवेल काढा, दोन्ही चाकांत हवा भरा आणि टाच ठेवून सीट तपासा. बहुधा ती दीड-दोन इंच वर घ्यावी लागेल. सोमवारी पंधरा मिनिटे चालवा, बुधवारी पंधरा, शुक्रवारी पंधरा आणि रविवारीही पंधराच. रविवारी मोह होईल. घड्याळ पाहून परत फिरा, आणि सोमवारी सकाळी जिना उतरताना गुडघा काय म्हणाला ते मला पत्राने कळवा.