वर्णपटरेषांकडून पुंजभौतिकीकडे

पुंजभौतिकी हा विषय अनेक विद्यार्थ्यांना पाठ करावयाच्या सूत्रांचा संग्रह वाटतो. वस्तुतः या शास्त्राचा पाया प्रकाशाच्या काटेकोर मापनातून घातला गेला आहे.

मापनाने उभा केलेला प्रश्न

नळीतील विरळ हायड्रोजन वायूतून विद्युत विसर्जन केले आणि त्याचा प्रकाश लोलकातून पाहिला, तर सलग सप्तरंगी पट्टा दिसत नाही. मोजक्या तेजस्वी रेषा दिसतात. त्यांपैकी तांबड्या रेषेची तरंगलांबी ६५६ नॅनोमीटर, तर निळसर हिरव्या रेषेची ४८६ नॅनोमीटर असते. स्वीडनचे शास्त्रज्ञ अँगस्ट्रॉम यांनी या तरंगलांबी अचूक मोजल्या. १८८५ मध्ये स्वित्झर्लंडमधील शाळाशिक्षक योहान बाल्मर यांनी त्या एका साध्या सूत्रात बसविल्या. मात्र या सूत्राचे कारण कोणालाच सांगता येईना. अभिजात भौतिकीनुसार अणुकेंद्राभोवती फिरणारा इलेक्ट्रॉन सतत ऊर्जा गमावत केंद्रात कोसळावयास हवा होता.

बोर यांचे उत्तर

१९१३ मध्ये नील्स बोर यांनी इलेक्ट्रॉनला ठरावीक ऊर्जापातळ्याच उपलब्ध असतात, असे गृहीत धरले. तिसऱ्या पातळीवरून दुसऱ्या पातळीवर येताना १३.६ × (१/४ − १/९), म्हणजे सुमारे १.८९ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते. १२४० ला या संख्येने भागल्यास ६५६ नॅनोमीटर हीच तरंगलांबी मिळते. तथापि, हेलियमसारख्या अनेक इलेक्ट्रॉनांच्या अणूंपुढे हे प्रारूप अपुरे पडले. १९२६ मध्ये श्रोडिंगर यांच्या समीकरणाने अधिक व्यापक पाया दिला.

भारतीय योगदान

मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडलेल्या आयनीभवनाच्या समीकरणामुळे ताऱ्यांच्या वर्णपटावरून त्यांच्या तापमानाचा उलगडा करणे शक्य झाले. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी जाहीर झालेल्या रामन परिणामामुळे विखुरलेल्या प्रकाशाच्या बदललेल्या तरंगलांबीवरून रेणूंच्या ऊर्जापातळ्या कळू लागल्या.

अध्यापनाची दिशा

अध्यापनात बहुधा गृहीतके आधी आणि रेषा शेवटी येतात. इतिहासाचा क्रम नेमका उलट आहे. मिलिमीटरला ६०० रेषा असलेल्या विवर्तन जालकाने तांबडी रेषा सुमारे २३ अंशांनी, तर निळसर हिरवी १७ अंशांनी वळते. कोनावरून तरंगलांबी, तरंगलांबीवरून ऊर्जा आणि ऊर्जेवरून अणूच्या पातळ्या, हा प्रवास विद्यार्थ्याने स्वतः एकदा केला, की सूत्र घोकावे लागत नाही. ‘रेषा का दिसतात?’ या प्रश्नाचे उत्तर मग तो स्वतःच्या शब्दांत देऊ शकतो.