रताळ्याचे पाकांतले काप

हिवाळा आला म्हणजे वर्ध्याच्या बाजारांत रताळ्यांचे ढीग दिसूं लागतात. एकादशीस व महाशिवरात्रीस उकडलेलें रताळें बहुतेक घरीं असतेंच. त्याचेच पाकांतले काप केले, तर पाहुण्यांपुढें ठेवण्याजोगें पक्वान्न होतें. आणि तें करतां करतां शाळेंत शिकलेलें थोडें शास्त्रही प्रत्यक्ष पाहावयास मिळतें.

रताळें मूळचें अमेरिका खंडांतलें. बटाटा हा खोडाचा भाग, तर रताळें हें खरोखरीचें मूळ होय. आपल्या नाल्यांच्या कांठीं माजणारी बेशरम ह्याच कुळांतली. मात्र ती विषारी आहे.

साहित्य : रताळीं अर्धा किलो, साखर ३०० ग्रॅम, पाणी १५० मिलिलिटर, अर्ध्या लिंबाचा रस, चार वेलदोडे, आणि खाण्याचा चुना एक लहान चमचा.

प्रथम निवड. कीड लागलेलें अथवा काळें पडलेलें रताळें कडू असतें व शिजविल्यानें तो कडूपणा जात नाहीं. तें टाकून द्यावें. बुरसलेलीं रताळीं वायां जाऊं नयेत म्हणून गुरांपुढें टाकण्याचा मोह होतो. परंतु त्यांतील विषानें फुप्फुसें बिघडून जनावर दगावूं शकतें. दोन रुपये वांचवावयास जाऊन घरची गाय गमावूं नये. तीं पुरून टाकावीं.

चुना एक लिटर पाण्यांत कालवून स्थिर ठेवावा व वरची निवळी घ्यावी. रताळीं सोलून बोटभर जाडीचे काप करावे, तासभर निवळींत ठेवावे आणि तीन-चार पाण्यांनीं स्वच्छ धुवावे. चुन्यांतील कॅल्शियम कापांतील पेक्टिनाशीं जोडलें जातें, म्हणून ते पाकांत फुटत नाहींत. नंतर ते वाफेवर बोटचेपे होईपर्यंत शिजवावे. ही आंच मंद असावी. कारण सुमारें ६० ते ७५ अंश उष्णतेंत रताळ्यांतील स्टार्चची साखर होत असते. शेतांत गरम राखेंत पुरून भाजलेलें रताळें अधिक गोड लागतें, त्याचें रहस्य हेंच.

आतां साखर व पाणी उकळून लिंबाचा रस घालावा. त्यामुळें पाकाचे खडे होत नाहींत. पाक पातळ असतांनाच काप सोडून दहा मिनिटें मंद शिजवावे व रात्रभर तसेच झांकून ठेवावे. दुसऱ्या दिवशीं काप काढून नुसता पाक एकतारी होईपर्यंत आटवावा, काप पुन्हा सोडून पांच मिनिटें शिजवावे व वेलदोड्यांची पूड घालावी. पहिल्याच दिवशीं दाट पाक कां घेऊं नये? कारण मग कापांतलें पाणी झपाट्यानें बाहेर ओढलें जातें, साखर तितक्या वेगानें आंत शिरत नाहीं आणि काप सुरकुततात.

साखरेऐवजीं गूळही चालतो. त्याचा पाक गाळून घ्यावा. १९३४ सालीं वर्धा येथें अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा ह्यांनीं खेड्यांतील गुळाच्या धंद्याचा आग्रहानें पुरस्कार केला होता. आपल्या जिल्ह्यांत ही गोष्ट विसरून चालणार नाहीं.

मुलांनीं पाक एकट्यानें करूं नये. उकळता पाक पाण्याहून अधिक तापतो व कातडीस चिकटतो. भाजल्यास त्या जागीं वीस मिनिटें थंड पाण्याची धार धरावी. तेल, हळद कांहीं लावूं नये, व फोड मोठा असल्यास दवाखान्यांत जावें. पाकाचा थेंब बशींत निववून मगच तार पाहावी.

पालकांस एवढीच विनंती कीं, हें काम मुलींप्रमाणें मुलांनाही शिकवावें. रताळें स्वस्त, कृति सोपी. लागतो तो एका रात्रीचा धीर. पाकाला घाई चालत नाहीं, आणि अभ्यासालाही नाहीं.